भूल देणारे डॉक्टर: टेबलाच्या उशापासून पेन क्लिनिकपर्यंत (वेदनेच्या दवाखान्यापर्यंत)

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूरकडे घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की पहिली चौकशी होते ती सर्जन कोण याची. भूल कोण देणार, हे सहसा कुणी विचारत नाही. ही सवय आजची नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. पुढच्या मार्चमध्ये इथर कोलकात्यात पोचलंसुद्धा. पण आपल्या उष्ण हवेत ते भराभर उडून जायचं, शिवाय पेट घ्यायचं. एडिंबरच्या डॉ. सिम्पसन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात वापरात आणलेलं क्लोरोफॉर्म पेटत नसे आणि थोडक्यात भागे, म्हणून हिंदुस्थानात तेच रुळलं. तारेच्या जाळीवर कापड ताणायचं, ते नाकातोंडावर धरायचं आणि बाटलीतून थेंब टाकत राहायचं. हे काम हाताशी असेल त्या सहायकाकडे सोपवलं जाई. सर्जनची नजर सुरीवर असे, त्यामुळे अधूनमधून रोगी टेबलावरच दगावत.

दोष श्वासाचा की हृदयाचा, हे ठरवायला १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. ‘श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको’ असा त्यांचा कौल होता. तो अर्धाच खरा निघाला, कारण क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक थांबतं हे पुढे सिद्ध झालं. तरी भूल देणाऱ्याने फक्त रोग्याकडे पाहावं, हा आग्रह त्या वादातून पक्का झाला.

आपल्या भागात मोठ्या ऑपरेशनला मिरज गाठायची रीत जुनी. डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ मध्ये निघालं, आणि अथणी-कागवाडची माणसं अजूनही तीच वाट धरतात. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघालं ते १९६३ साली.

तोवर कामाचं स्वरूपच पालटलं होतं. १९४२ मध्ये माँट्रियलला भूलतज्ज्ञ ग्रिफिथ यांनी भुलेत क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं. स्नायू पूर्ण सैल पडले म्हणजे श्वासही थांबतो, मग तो डॉक्टरलाच चालवावा लागतो. एकदा हे जमल्यावर काम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पडणारच होतं. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला इब्सेन या भूलतज्ज्ञांनी घशात नळी घालून रोग्यांना हाताने श्वास देण्याची पद्धत सुरू केली. पिशव्या दाबायला पाळीपाळीने वैद्यकीय विद्यार्थी बसवले. आजचा आयसीयू त्यातूनच आला. कोरोनात व्हेंटिलेटरपाशी भूलतज्ज्ञ का दिसत होते, त्याचं मूळ इथे आहे.

आता ऑपरेशनआधीची तपासणीही त्यांचीच. तंबाखूच्या या पट्ट्यात ‘आ करा’ म्हटल्यावर काय दिसतं याला फार महत्त्व. गुटखा-सुपारीने आखडलेल्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावली नाहीत, तर श्वासाची नळी घालणं अवघड, आणि तशी तयारी आधीच करावी लागते. हे लपवणारे रोगी कमी नाहीत. सिझरनंतरच्या कंबरदुखीचं खापर मात्र वर्षानुवर्षं भुलेच्या ‘पाठीतल्या इंजेक्शन’वर फुटतं. त्या सुईने काही दिवस डोकं दुखू शकतं. कायमच्या कंबरदुखीला कारणं बहुधा दुसरीच असतात.

नस बधिर करण्याचं कसब हातात असल्यामुळे जुनाट दुखण्याचे रोगीही त्यांच्याकडे येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक पाहून अमेरिकेत भूलतज्ज्ञ बोनिका यांनी वेदनेवरच्या उपचारांची स्वतंत्र शाखा उभारायला घेतली. कर्करोगाच्या कळांवर मॉर्फिन लागतं, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते परवान्यांच्या जंजाळात अडकलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम देशभर एकसारखे आणि सोपे केले. निपाणीसारख्या विडी-तंबाखूच्या गावाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

हे सगळं मोठ्या शहरांत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांसाठी भूलतज्ज्ञ मिळणं देशभरच कठीण, म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या सिझरपुरती भूल द्यायला तयार करण्याची योजना सरकारला आणावी लागली. वेदनेचा दवाखाना तिथून अजून बराच लांब आहे.