प्रोसेसरच्या पिनांची दुरुस्ती

प्रोसेसरच्या पोटाखालच्या वाकलेल्या पिना सरळ करणे किंवा तुटलेल्या पिनेच्या जागी दुसरी जोडणे, याला पिनांची दुरुस्ती म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः ‘पीजीए’ पद्धतीच्या, म्हणजे ज्यांच्या पिना चिपलाच असतात अशा प्रोसेसरांचा. इंटेलच्या ३८६ ला १३२ पिना होत्या, ४८६ ला १६८. एएमडीच्या एएम४ सॉकेटात बसणाऱ्या प्रोसेसरांत त्या १३३१ झाल्या, तेही ४ सेंमी बाजूच्या चौकोनात. दोन पिनांमध्ये जेमतेम १ मिमी अंतर उरते. मग एक आडवी झाली की शेजारणीला टेकणारच.

पिना वाकतात त्या बहुधा चिप हातातून निसटल्यामुळे, किंवा कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण न जुळवता ती सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या भोकाभोकांच्या बैठकीवर, दाबल्यामुळे. खरे तर सॉकेटची पिना पकडून ठेवणारी दांडी उचललेली असेल तर चिप स्वतःच्या वजनाने आत बसते. दाबावे लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे. एएम४ ची आणखी एक खोड आहे. प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली, की हीटसिंक उचलताना दांडी बंद असूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटला जातो. म्हणून जुना हीटसिंक काढण्याआधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून हीटसिंक सरळ न ओढता आधी डावी-उजवीकडे किंचित पिळावा.

सरळ करायला लागणारे सर्वांत उपयोगी हत्यार कंपासपेटीत सापडते: शिसे काढलेली पेन-पेन्सिल. तिच्या टोकाची नळी वाकलेल्या पिनेवर अलगद चढवायची आणि हळूहळू उभी करायची. अख्खी रांग कलली असेल, तर दोन रांगांच्या मधून ब्लेड किंवा पातळ प्लास्टिकचे कार्ड फिरवतात. सोबत भिंग आणि तिरका प्रकाश हवा. चिप आडवी धरून रांगेच्या टोकाकडून पाहिले की चुकार पिन लगेच दिसते. शेवटची परीक्षा सॉकेटच घेते. चिप आपसूक बसली नाही, तर अजून एखादी पिन तिरकी आहे.

पिनेचा गाभा तांब्याच्या मिश्रधातूचा आणि वरचा मुलामा सोन्याचा असतो. हा धातू दर वाकवणीला कडक होत जातो. तार चार वेळा मागेपुढे केली की कट्‌कन तुटते, तेच इथेही घडते. त्यामुळे शक्यतो एकाच फेरीत काम संपवावे. पिन अगदी काटकोनात उभी दिसावी हा हट्ट बऱ्याचदा महागात पडतो. भोकात जाते आहे, तेवढे पुरे.

तुटलीच, तर सोल्डरचा डाग द्यायची घाई करू नये. आधी त्या प्रोसेसरच्या पिनांचा नकाशा शोधून ती कोणत्या कामाची होती ते पाहावे. शेकडो पिना नुसत्या वीज आणि ग्राउंडसाठी असतात. त्यांतली एखादी गेली तरी यंत्र बहुधा सुरळीत चालते. मेमरीच्या वाहिनीतली पिन गेली, तर रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होऊ शकतो. बाकी ठिकाणी संगणक सुरूच होणार नाही, असेही घडते. नवी पिन मेलेल्या प्रोसेसरवरून काढून बारीक टोकाच्या सोल्डरिंग गनने जोडतात. कथील जरा जास्त झाले, की ते पिनेच्या बुडाशी फुगवटा धरते आणि चिप सॉकेटवर सपाट बसत नाही. काही कारागीर चिपला हात न लावता सॉकेटच्या त्या भोकात बारीक तारेचा तुकडा सोडतात. जमले तर चालते, पण चिप परत काढताना तो तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही. आणि मोडलेल्या पिनेचा तुकडा सॉकेटमध्येच अडकला असेल, तर तो आधी काढावा लागतो.

इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी २००४ मध्ये एलजीए ७७५ आणले, एएमडीने २०२२ मध्ये एएम५. त्यांत पिना चिपवरून मदरबोर्डच्या सॉकेटात गेल्या. चिपला आता नुसते सपाट ठिपके असतात आणि दुखणे बोर्डाकडे आले. या पिना म्हणजे एकाच दिशेला कललेल्या नाजूक स्प्रिंगा. दिवा तिरका धरला की सगळी रांग एकसारखी चमकते, आणि बिघडलेली तेवढी काळी राहते. तिला सुईने किंवा अणकुचीदार चिमट्याने रेटतात, मात्र इथे पेन-पेन्सिलीचा उपयोग नाही. स्प्रिंग मोडली, तर सबंध सॉकेट बीजीए मशीनवर (खालचे कथील तापवून वितळवणाऱ्या यंत्रावर) उतरवून बदलावे लागते.