बझर वाजला, तरी सेल्फ का लागेना?

कोपरखैरण्याच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात इथली हवा ओली आणि खारट असते, आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरिंगला ती बाधते. गेल्या जुलैत माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, मात्र 'टक्' करून गप्प.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावला. १२.६. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग बॅटरीची वायर काढून, इग्निशन स्विचपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला मोठा प्रवाह जोडून देणारा विजेचा स्विच) जाणारी वायर मीटरच्या बझरवर तपासली; वायर तुटलेली नसेल तर तो वाजतो. पीं! वायर अखंड. बॅटरी परत जोडली, सोलेनॉइडकडची पिन उपटून चावी स्टार्टला धरली आणि पिनेवर मोजलं, तर १२.५ व्होल्ट. एवढं पाहिलं की 'वायरिंग ठीक, सेल्फच गेला' असं वाटणं साहजिक आहे. नवा सेल्फ विकत घेतला जातो तो इथेच.

मी पिन परत बसवली आणि मीटरचं टोक तिच्या मागून आत सरकवलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, भाचा ड्रायव्हरच्या सीटवर.

"मामा, फिरवू?"

"फिरव, आणि तशीच धर."

मीटरवर जेमतेम ७ व्होल्ट. तीच वायर, तीच बॅटरी. पाच व्होल्ट गेले कुठे?

सिडकोच्या जुन्या इमारतींत राहिलेल्यांना हे पाण्यावरून पटकन कळेल. लोखंडी पाइप आतून गंजून बुजत आला असला, तरी नळ बंद असताना टाकीचा पूर्ण दाब नळापर्यंत पोचलेला असतो. नळ उघडला की करंगळीएवढी धार. अडथळा तेव्हाच दिसतो जेव्हा पाणी वाहतं. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणून १२ व्होल्टला तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. पिन उपटून मोजणं म्हणजे बंद नळाचा दाब मोजणं. सोलेनॉइड मात्र कित्येक अँपिअर ओढतं. १८२७ साली जॉर्ज ओहमने मांडलेला नियम इथे पुरतो: प्रवाह गुणिले रोध बरोबर व्होल्टेजची घट. प्रवाह १० अँपिअर धरला, तर पाच व्होल्ट खायला अर्धा ओहम पुरे! आणि बझरला हा अर्धा ओहम कळत नाही. बऱ्याच मीटरांचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंत खुशाल वाजतो. ओहमच्या रेंजवरही उपयोग नाही, कारण स्वस्त मीटरच्या दोन वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरतो.

म्हणून रोध मोजायचा नाही, घट मोजायची. मीटर व्होल्टवरच ठेवायचा आणि दोन्ही टोकं एकाच वायरीच्या, स्विचच्या किंवा जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावायची. मीटर प्लस-मायनसमध्ये लावायची सवय असलेल्याला हे विचित्र वाटतं. पण प्रवाह वाहत असताना चांगला जोड ०.१-०.२ व्होल्टच्या पुढे जात नाही. बिघडलेला जोड आकडा दाखवतो. बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या ३० नंबरपर्यंत ०.३. स्विचच्या ३० पासून ५० नंबरपर्यंत ०.२. (अनेक गाड्यांत हेच नंबर असतात: ३० म्हणजे कायमचा प्लस, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे सेल्फ.) पुढे बॅटरीच्या ट्रेखाली लपलेला एक कपलर, म्हणजे दोन वायरी जोडणारा प्लग. त्याच्या दोन्ही बाजूंना टोकं लावली: ४.४ व्होल्ट!

कपलर उघडला. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच हिरवा थर आतल्या पिनांवर चढला होता. तांब्या-पितळेवर खारट ओलावा बसला की हे क्षार तयार होतात, आणि ते वीज नीट वाहू देत नाहीत.

हे करताना तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात असताना बॅटरीला लावू नका, थेट शॉर्ट होतो. स्पार्क प्लगच्या वायरीला मीटर लावू नका. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात आणि घरगुती मीटर सहाशे ते हजार व्होल्टचा. आणि पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका.

पिना बारीक ब्रशने घासल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, कपलर दाबून बसवला. घट ०.१ वर आली आणि सेल्फ पहिल्या फेरीत लागला. सेल्फ फिरत असताना बॅटरी १०.६ वर होती, ९.६ च्या खाली गेली असती तर तिच्यावर संशय घेतला असता. त्याच फेरीत बॅटरीचा मायनस आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधली घटही पाहून घेतली, कारण सेल्फचा सगळा प्रवाह परत येतो तो त्या अर्थच्या पट्टीतून. तिथे ०.४ आहे. अजून चालेल, पण पट्टीचा बोल्ट पुढच्या रविवारी काढून घासणार आहे.