हात रिकामा असला तरी डबलवर पास नाही

ब्रिजच्या (पत्त्यांच्या खेळाच्या) ग्रुपवर फिरणारा सल्ला: पार्टनरने टेकआउट डबल दिला (म्हणजे विरोधकांच्या बोलीवर ‘तुझा चांगला रंग सांग’ असं पार्टनरला विचारणारी बोली) आणि आपल्याकडे पॉइंट (मोठ्या पानांचे गुण) नसतील तर पास करा. हे उलटं आहे.

समजा डावीकडच्याने १ बदामने बोली उघडली (बदाम हुकूम धरून सात हात करायचे), पार्टनरचा डबल, उजवीकडचा पास आणि तुमच्याकडे इस्पिकची चार बारकी पानं, बाकी सगळं फुटकळ. पास केलंत तर १ बदाम डबलमध्येच खेळलं जाणार, आणि तुमच्या हातात अडवायला काहीच नाही! त्यांनी नऊ हात केले तर नॉन-व्हल्नरेबल (बोनस-दंड कमी असलेली स्थिती) असताना ३६० गुण, साध्या १ बदामला तेच १४० झाले असते. स्कोअरिंगच्या तक्त्यात बघून घ्या. म्हणून १ इस्पिक बोलायचं, पार्टनर त्यात ताकद धरत नाही, ९-११ पॉइंट असतील तेव्हाच उडी (एक पातळी वरची बोली, २ इस्पिक). पास फक्त बदाम लांब आणि दणकट असतील तर. हां, उजवीकडचा मध्ये बोलला तर खुशाल पास करा.