०७०३ चे ७०३ कसे झाले: सुरुवातीच्या शून्याची पार्श्वभूमी

कांद्याचा एचएसएन कोड (जीएसटी आणि सीमाशुल्कात माल ओळखायचा क्रमांक) ०७०३, द्राक्षांचा ०८०६, आंब्याचा ०८०४ आणि काजूचा ०८०१. नाशिकपासून कोकण-गोव्यापर्यंतचा बराचसा शेतमाल अशा शून्याने सुरू होणाऱ्या कोडमध्येच मोडतो. या मालाची विक्री एक्सेलमधून डेटाबेसमध्ये चढवली की ०७०३ चे ७०३ होते आणि कोडची मूळ यादी असलेल्या मास्टर टेबलशी त्याची जोडी जमत नाही. इनर जॉईन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच घेणारी जोडणी) असेल तर त्या ओळी रिपोर्टमधून गळून पडतात आणि एररही येत नाही. एरर न येणे हाच यातला खरा धोका.

भोके पाडून माहिती नोंदवायच्या पंच कार्डांच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. कार्डावर ८० कॉलम असत आणि प्रत्येक माहितीला किती कॉलम द्यायचे ते आधीच ठरलेले असे. पाच घरांत ४२ लिहायचे म्हणजे ०००४२ लिहायचे. पुढे कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतही प्रत्येक फील्डची रुंदी प्रोग्रॅममध्ये आधी जाहीर करावी लागे. १ जुलै १९६३ ला अमेरिकेत झिप कोड (तिथले पिन कोड) आले. ईशान्येकडच्या राज्यांच्या वाट्याला शून्याने सुरू होणारे कोड गेले. बॉस्टनचा ०२१०८ हा त्यांतलाच एक.

गणित बदलले १९७९ मध्ये. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिझिकॅल्क या स्प्रेडशीटमध्ये सेलमधले पहिले अक्षर पाहून निर्णय होई: अंक असेल तर किंमत, अक्षर असेल तर मजकूर. अंकांना मजकूर म्हणून ठेवायचे तर आधी अवतरण चिन्ह टाकावे लागे. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये त्या कामाला एकेरी अवतरण आले, आणि एक्सेल आजही ते मानते. हा नियम चुकीचा होता असे मला वाटत नाही. स्प्रेडशीट हिशेबासाठी होती, आणि हिशेबात ०७०३ आणि ७०३ एकच. पण लोकांनी तिच्यात पत्ते, खाते क्रमांक, कोड असे सगळेच ठेवायला सुरुवात केली.

त्यात सीएसव्हीची (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे करणाऱ्या साध्या मजकूर फाइलची) भर पडली. या फाइलमध्ये कॉलमचा प्रकार सांगायला जागाच नाही. २००५ च्या आरएफसी ४१८० या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने स्वल्पविराम आणि अवतरणांचे नियम लिहून काढले. कोणता कॉलम मजकूर आणि कोणता संख्या, हे त्यातही नाही. म्हणून कोड अवतरणात असला तरी डबल क्लिक करून फाइल उघडली की एक्सेल त्याची संख्या करतेच. अवतरणांनी शून्य वाचते असे अनेक जण धरून चालतात. ते खरे नाही.

डेटाबेसच्या दारातही अंदाज बांधला जातो. एक्सेल फाइल वाचणारा मायक्रोसॉफ्टचा जुना जेट ड्रायव्हर एरवी पहिल्या ८ ओळी पाहून कॉलमचा प्रकार ठरवतो, आणि पुढे त्यात न बसणाऱ्या किमती नल (रिकाम्या) होऊन येतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये संख्येचा कॉलम फ्लोट (दशांश संख्या) म्हणून उतरतो. तो थेट व्हारकॅर (मजकूर) केला की लांब खाते क्रमांकाचे ९.८७६५४ई+००९ असे काहीतरी होते. त्यामुळे आधी बिगइंट (मोठी पूर्ण संख्या) करायचे, मग मजकूर.

शून्य परत लावायला ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेमध्ये एलपॅड आहे, जो ठरलेल्या लांबीपर्यंत पुढे अक्षरे भरतो. एसक्यूएल सर्व्हरवाले पुढे पाच शून्ये जोडून राइट या फंक्शनने शेवटची पाच अक्षरे उचलतात. ॲक्सेसमध्ये फॉरमॅट चालते. झिप कोडला हे पुरते, कारण त्याची रुंदी पाच ठरलेली. किंमत ठरल्यापेक्षा लांब निघाली तर मात्र एलपॅड ती गुपचूप कापतो, म्हणून आधी सर्वांत मोठी लांबी तपासावी.

एचएसएनला हा उपाय चालत नाही. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ४ अंक आणि त्यावरच्यांना ६ अंक लागतात, निर्यातीला ८. एकाच कॉलममध्ये तिन्ही रुंद्या येतात. सरसकट आठपर्यंत एलपॅड केले तर ७०३ चे ०००००७०३ होते, म्हणजे आधीपेक्षा वाईट. पण जागतिक सीमाशुल्क संघटनेने १ जानेवारी १९८८ पासून लागू केलेल्या या पद्धतीत अंक जोडीनेच वाढतात: चॅप्टरचे दोन, हेडिंगचे दोन, सबहेडिंगचे दोन, आणि भारताने पुढे जोडलेले दोन. चॅप्टर ०१ पासून सुरू होतात, त्यामुळे हरवते ते एकच शून्य. लांबी विषम असेल तर पुढे एक शून्य लावायचे, सम असेल तर हात लावायचा नाही. एसक्यूएलच्या एका केस एक्स्प्रेशनमध्ये काम होते, आणि कोडच्या रचनेवर विसंबलेला असल्याने हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

पिन कोडबाबत आपल्याला ही चिंता नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या योजनेत, जी १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाली, पहिला अंक विभागाचा आहे आणि तो १ ते ९ यांतलाच असतो.

बँक खात्यांची गोष्ट निराळी. रुंदी बँकेगणिक वेगळी आणि पुढची शून्ये एक की चार, हे उरलेल्या अंकांवरून कळत नाही. शिवाय १५ अंकांपुढचे आकडे एक्सेल शून्य करून टाकते. तिथे कोणतीही क्वेरी कामाची नाही. मूळ फाइलच मागवावी लागते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने शून्य काढून टाकणे बंद करण्याचे सेटिंग एक्सेलमध्ये दिले. पण ते ज्याने बंद केले त्याच्यापुरतेच. दुसऱ्या कोणी तीच सीएसव्ही आपल्या मशीनवर उघडून सेव्ह केली की शून्य पुन्हा जाते. म्हणून डेटा आधी उतरवून घ्यायच्या स्टेजिंग टेबलमध्ये कोडचे सगळे कॉलम मजकूर म्हणूनच घ्यावेत, आणि फाइल एक्सेलमध्ये न उघडता थेट चढवावी.