ओढा सावरला, पण तळातले जीव परतले का?

वाहत्या ओढ्यातला एखादा गोटा उलटून पाहा. खालच्या बाजूला मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याची चपटी पिल्लं चिकटलेली असतात, बहुधा तीन शेपट्यांची. शेजारी वाळूचे कण जोडून केलेल्या नळीत कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याची अळी बसलेली असते. पाण्याची तब्येत या जीवांवरून ओळखण्याची पद्धत जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी 1908 आणि 1909 मध्ये कोणत्या वनस्पती आणि कोणते जीव किती घाण सहन करतात याच्या याद्या केल्या. त्यानंतर कित्येक दशकं ओढ्याचं दुखणं म्हणजे सांडपाणी, एवढाच विचार होत राहिला.

ओढ्याचा आकार बिघडणं हे वेगळंच दुखणं होतं. शेतांचा निचरा व्हावा म्हणून वळणं सरळ केली गेली. फिनलंडमध्ये लाकडाचे ओंडके विनाअडथळा वाहावेत म्हणून पात्रातले मोठे दगड काढले गेले. ओंडके वाहणं थांबल्यावर ते दगड पुन्हा टाकण्यात आले, पण ते मुख्यतः ट्राउट आणि सामन माशांसाठी. अमेरिकेतही 1930 च्या दशकात पात्रात ओंडके रोवून डोह तयार केले गेले, तेही माशांसाठीच. किडे आपोआप येतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

या गृहीतकावर 1997 मध्ये मार्गारेट पामर या परिसंस्था-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट बोट ठेवलं. पुढे 2005 मध्ये अमेरिकेतल्या ओढे-नद्या सुधारण्याच्या 37,000 हून अधिक प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जेमतेम 10 टक्क्यांत कामानंतर काही मोजल्याचं आढळलं. मला ही या इतिहासातली सर्वांत दुःखद बाब वाटते. इतकी मेहनत घेतली आणि परिणाम पाहायला कोणी थांबलंच नाही. मग 2010 मध्ये पामर यांच्याच गटाने, जिथे मोजणी झाली होती अशी 78 कामं तपासली. तळातल्या जीवांच्या प्रजाती ठळकपणे वाढल्याचं त्यांतल्या फक्त 2 ठिकाणी दिसलं.

दगड तर परत आले होते, मग अडलं कुठे? वरच्या शेतांतून येणारी माती गोट्यांमधल्या फटी बुजवते, आणि हे जीव राहतात त्या फटींतच. शहरांतून वाहून येणारं पावसाचं पाणी एका लोंढ्यात तळ खरवडून नेतं. फिनलंडमध्ये तर दगड टाकणाऱ्या यंत्रांनी दगडांवरचं शेवाळच (मॉस) उखडलं गेलं. पालापाचोळा अडवणारं आणि अळ्यांना आसरा देणारं तेच होतं.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. किड्यांना यायला कुठून तरी यावं लागतं. अळ्या प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात आणि पंख फुटलेल्या माद्या वर उडत जाऊन अंडी घालतात, हे चक्र कार्ल म्युलर या शास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं. जर्मनीतल्या नद्या सुधारण्याच्या 24 कामांच्या 2011 मधल्या अभ्यासात असं दिसलं, की साधारण 5 किलोमीटरच्या आत त्या प्रजाती शिल्लक असतील तरच सुधारलेला पट्टा भरतो. परिसरातले सगळेच ओढे रिकामे झाले असतील, तर एका ओढ्यात कितीही सुबक दगड मांडले तरी तिथे राहायला येणारं कोणी उरलेलं नसतं.

युरोपात 2000 च्या जल चौकट निर्देशाने, म्हणजे युरोपीय संघाच्या पाण्याविषयीच्या कायद्याने, हे जीव मोजणं बंधनकारक केलं. 2023 मध्ये 22 देशांतल्या 1,816 ठिकाणांच्या, 1968 ते 2020 या काळातल्या नोंदी एकत्र आल्या. त्यांत प्रजाती वाढलेल्या दिसतात, पण बहुतेक वाढ 2010 च्या आधीची आहे. त्यानंतर ती थबकली. धरणांच्या खाली, शहरांलगत आणि शेतजमिनींच्या उतारावर तर सुधारणा आणखीच कमी झाली.