श्लेष्मल गुदभ्रंश

गुदाशयाचे (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे) आतील अस्तर (श्लेष्मकला) खालच्या स्नायुथरापासून सुटून घसरते व कधी गुदद्वाराबाहेर येते, या विकृतीला श्लेष्मल गुदभ्रंश म्हणतात. बोलीत याला ‘आमण बाहेर येणे’ म्हणतात. मात्र गुदाशयाच्या भिंतीचे सर्व थर बाहेर येतात त्या पूर्ण गुदभ्रंशालाही हाच शब्द लावला जातो.

सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथात गुदभ्रंश निदानस्थानातील (रोगनिदानाच्या विभागातील) क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये आला आहे. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून, आज उपलब्ध असलेली संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाली असावी. रूक्ष व दुर्बळ देहाच्या माणसाचे गुद प्रवाहण (कुंथणे) आणि अतिसार यांमुळे बाहेर येते, असे तेथे म्हटले आहे. शेकून, स्नेह लावून ते आत ढकलावे व वर चामड्याचा गोफणाबंध (गोफणीच्या आकाराची पट्टी) बांधावा. वायू सरावा म्हणून चामड्याला मध्यभागी छिद्र ठेवावे, ही चिकित्सा. अस्तराचा भ्रंश व संपूर्ण भिंतीचा भ्रंश असा भेद तेथे केलेला दिसत नाही.

अस्तर व स्नायुथर यांच्यामध्ये विरळ संयोजी ऊतक (थरांना जोडणारे ऊतक) असते. गुदमार्गात बारीक स्नायुतंतू अस्तराला आतल्या परिसंकोची स्नायूशी (गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूशी) बांधून ठेवतात. वय, दीर्घकाळचा मलावरोध व रोजचे कुंथणे यांमुळे हे बंध ताणले जाऊन तुटतात आणि अस्तर मलाबरोबर खाली ओढले जाते. मूळव्याधीचे मोड याच तऱ्हेने खाली घसरतात, असे शल्यचिकित्सक टॉमसन यांनी 1975 मध्ये मांडले. त्यामुळे या दोन विकृतींची सीमारेषा पुसट आहे.

पूर्ण भ्रंशाच्या उगमाविषयी जुना वाद आहे. शल्यचिकित्सक मॉश्कोविट्झ यांनी 1912 मध्ये तो श्रोणितळातून (ओटीपोटाच्या तळातून) सरकणारा अंतर्गळ (हर्निया) मानला. ब्रॉडेन व स्नेलमन यांनी 1968 मध्ये क्ष-किरण चलच्चित्रणाने दाखविले, की गुदाशयाचा वरचा भाग खालच्या भागात शिरतो व तसाच बाहेर येतो. आज बहुतेकांचा कल याकडे आहे. अस्तराचा भ्रंश ही पूर्ण भ्रंशाची पहिली पायरी, असेही काही मानतात. परंतु अनेकांत तो वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, हे पाहता दोन्ही वेगळे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बाहेर आलेल्या अस्तराच्या घड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, मध्यापासून कडेकडे जातात. पूर्ण भ्रंशात त्या एकाभोवती एक अशा वर्तुळाकार असतात. श्लेष्मल भ्रंशाची लांबी सहसा 4 सेंमी.च्या आत असते आणि चिमटीत धरल्यास फक्त पातळ, दुहेरी अस्तर लागते. ताजे अस्तर ओलसर लालसर, तर वारंवार घासले गेलेले जाडसर व पांढुरके दिसते. आडवे झोपवून तपासल्यास काहीच न दिसण्याचा संभव असतो. रुग्णाला उकिडवे बसवून कुंथायला सांगणे आवश्यक आहे.

भ्रंश आतच राहिला तर रूप आणखी बदलते. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर कधी व्रण, कधी नुसता लाल चट्टा, तर कधी मांसाची गाठ दिसते. याला ‘एकल व्रण’ हे नाव पडले, ते दिशाभूल करणारे आहे: व्रण अनेक असतात किंवा मुळीच नसतात. मॅडिगन व मॉर्सन यांनी 1969 मध्ये 68 रुग्णांवरून या विकृतीचे ऊतकचित्र (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ऊतकाचे रूप) निश्चित केले. 1983 मध्ये ड्यू बुले व सहकाऱ्यांनी ही सर्व रूपे ‘श्लेष्मल भ्रंश लक्षणसमूह’ या एका नावाखाली आणली. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींच्या मधून स्नायुतंतू उभे वर चढलेले दिसतात, ही त्याची खूण. काही ग्रंथी खोल थरांत गाडल्या जातात. त्यांना कर्करोग समजून गुदाशय काढून टाकण्याची चूक होऊ शकते, म्हणून ही खूण ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

मुलांमध्ये हा विकार मुख्यतः पहिल्या चार वर्षांत आढळतो. जुलाब, कृमी, कुपोषण व मलावरोध ही कारणे दूर केल्यावर तो बहुधा आपोआप बरा होतो. प्रौढांत चोथायुक्त आहार, कुंथणे टाळणे व गरजेनुसार सुटलेल्या अस्तरावर रबरी कडी बसविणे किंवा जादा अस्तर छेदणे हे उपाय आहेत. सुजलेले अस्तर आत जात नसेल, तर त्यावर दाणेदार साखर पसरतात. साखर पाणी शोषून घेते, सूज उतरते व अस्तर आत सारता येते. ते काळे-निळे पडले असल्यास मात्र तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.