पुपुसा

पुपुसा ही मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाची, सारण भरून तव्यावर भाजलेली मक्याची भाकरी. व्यास साधारण 10 ते 12 सेंमी, जाडी सेंटिमीटरभर. शेजारच्या होंडुरासमध्येही ती आवडीने खातात आणि ती मुळात कुणाची, यावरून दोन्ही देशांत जुना वाद आहे. एल साल्वादोरच्या विधिमंडळाने 2005 मध्ये तिला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसा दिन म्हणून राखून ठेवला. व्हेनेझुएला-कोलंबियाची आरेपा सहसा आधी भाजून मग चिरून भरतात. पुपुसात सारण कच्च्या उंड्यातच जातं, म्हणून सगळं कसब हातात आहे.

त्याआधी पीठ, कारण पीठ चुकलं तर हात कितीही सराईत असो, पुपुसा फुटते. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. हा चुना म्हणजे पानाला लावतात तोच. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम पुरतो. सकाळी दाण्यांची सालं सुटलेली असतात. मका चोळून धुवायचा आणि ओलाच वाटायचा. या पिठाला ‘मासा’ म्हणतात. चुन्यामुळे मक्याला चिकटपणा येतो, शिवाय त्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांत तिकडे पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्याकडच्या किराणा दुकानातलं मक्याचं पीठ नुसतं दळलेलं असतं. ते थापताना कडेला चिरतं. कॉर्नफ्लोअर तर निव्वळ स्टार्च. घरी करायचं तर चुन्याच्या मक्याचं तयार कोरडं पीठ, ‘मासा हारिना’, आणावं आणि कोमट पाण्यात मऊ मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवावं. छोटी गोळी दाबून बघावी. कड चिरली तर पाणी कमी आहे.

सारणात घोटून परतलेला राजम्यासारखा घेवडा, ‘केसियो’ हे तार सुटणारं ओलं चीज आणि ‘चिचारोन’. मेक्सिकोत चिचारोन म्हणजे डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी. इथे मात्र शिजवलेलं मांस टोमॅटो-मिरचीसोबत वाटून केलेला लगदा. तिन्ही एकत्र केले की ‘रेवुएल्ता’. लोरोको या वेलीच्या हिरव्या कळ्या चीजमध्ये घालतात, आणि त्यांचा रानवट वास ही या पदार्थाची खरी ओळख मानावी. केसियोऐवजी मोझरेला चालतं. लोरोकोला मात्र पर्याय नाही.

थापण्याची रीत मोदक आणि पुरणपोळी करणाऱ्यांना अर्धी येतेच. हाताला पाणी-तेल लावून लिंबापेक्षा मोठा उंडा घ्यायचा, अंगठ्याने खळगा करून वाटी करायची, चमचाभर सारण भरून तोंड मिटायचं. मग लाटणं न घेता या तळहातावरून त्या तळहातावर थापत, फिरवत चपटी करायची. मधे जाड राहिली तर आत कच्ची लागते. तापलेल्या ‘कोमाल’वर, म्हणजे तव्यावर, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजावी. एखाद्या भेगेतून चीज निसटून तव्यावर करपतं, त्याची तांबूस कुरकुरीत कड राहते. ती काढून टाकू नये.

होया दे सेरेन हे इ.स. 600च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं माया गाव याच देशात आहे. 1993 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. पुपुसाचा उगम अनेकदा तिथवर नेला जातो. तिथला मका, स्वयंपाकघरं, पाटे खरेच. पण चीज आणि डुक्कर स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणले, तेव्हा आजची चव त्यानंतरचीच. ओलोकुइल्ता गावात तर पुपुसा तांदळाच्या पिठाची करतात. 1980 ते 1992च्या यादवी युद्धात लाखो लोक देशोधडीला लागले आणि लॉस एंजेलिस, वॉशिंग्टनमध्ये ‘पुपुसेरिया’, म्हणजे पुपुसाच्या खानावळी, उभ्या राहिल्या.

सोबत ‘कुर्तिदो’ हवंच: कोबी, गाजर, कांदा, ओरेगानो आणि व्हिनेगर कालवून निदान रात्रभर मुरवलेलं. वर टोमॅटोचा पातळ सॉस. काटाचमचा न घेता पुपुसा हातानेच तोडून खातात. उरली तर दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर गरम करावी. मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होते.